बापाच्या डेगचीतला सरेस

बाटलीतल्या गोंदाचं नुसतं नाव काढलं तरी गयास आधी दुकानासमोरच्या गटारात थुंकायचा आणि मग बोलायला लागायचा. एकदा लागला की गिऱ्हाइकाची सुटका नसे. शहागंजच्या मागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं दुकान. तंबोरे, सतारी, दिलरुबे, शाळांतली फुटकी व्हायोलिनं, सगळं छताला टांगलेलं. छत्रपती संभाजीनगरात तारेचं वाद्य मोडलं की माणूस फिरून फिरून इथंच यायचा, कारण धड दुसरीकडं जायला जागा नव्हती. गयासला मात्र वाटायचं की माणसं आपली कीर्ती ऐकून येतात. कुणाला काय वाटावं याला काही कायदा नाही.

त्याचं म्हणणं असं, की वाद्याचा सांधा जोडायचा तोच मुळी पुन्हा उघडता यावा म्हणून. तंबोऱ्याला चार तारा दिवसरात्र ओढत असतात. आज ना उद्या दांडी आणि भोपळा जिथं मिळतात तो गळा ढिला होणार, नाहीतर भोपळ्याला चीर जाणार. त्या दिवशी सांध्याला वाफ देऊन, सुरीचं पातं गरम करून, हळूच तो उघडता आला पाहिजे. सरेसाचा सांधा असा उघडतो. जनावराच्या कातड्याच्या कातरणी शिजवून, गाळून, वाळवून केलेला हा सरेस. दिसायला चिक्कीच्या तुकड्यासारखा, पाण्यात टाकला की फुगतो, मंद आचेवर वितळतो आणि सुकला की काचेसारखा टणक होतो. सूर त्यातनं आरपार जातो. पांढरा गोंद सुकला तरी आतनं मऊच राहतो, तारांच्या ओढीनं दांडी केसाकेसानं वाकत जाते आणि सूर भोपळ्यात पोचायच्या आधीच मुरतो. झटपट गोंद धरतो क्षणात, पण एक धक्का बसला की कडकन सुटतो आणि सुटताना लाकडाचं साल सोबत नेतो. आणि ते दोन नळ्यांतलं कालवून लावायचं प्रकरण? ती कबर आहे, असं गयास म्हणायचा. आत गेलेलं माघारी येत नाही.

हे सगळं खरं होतं बरं का. तोच तर वांधा होता. माणूस चुकीचं बोलत असता तर कुणीतरी त्याला कधीच गप्प केलं असतं. पण एका बाबतीत बरोबर असलेला माणूस हळूहळू सगळ्याच बाबतीत बरोबर व्हायला लागतो, आणि मग त्याच्याजवळ बसवत नाही.

पुंडलिकनगरात ऋतुराज नावाचा एक पोरगा गिटारचे क्लास चालवायचा आणि जोडीला दुरुस्तीही करायचा. सतार आली सतार, गिटार आली गिटार, सगळ्याला तो बाटल्या आणि नळ्याच लावायचा. गयासनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्याचं नाव ठेवलं होतं चप्पलवाला, कारण त्याच्या मते हा पोरगा चपला चिकटवायच्या मालानं वाद्यं चिकटवत होता. ऋतुराजच्या हातची एखादी सतार फिरत फिरत गयासच्या दुकानी आली की तो ती दोन बोटांत उचलायचा, मेलेला उंदीर उचलावा तशी, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ही तिकडंच न्या. मी दुसऱ्याची घाण निस्तरत नाय." गिऱ्हाईक गयावया करायचं. तो हलायचा नाही. गयावया ऐकायला त्याला फार आवडायचं.

एकट्या ऋतुराजचीच काय कथा. गायन शिकवणारे मास्तर त्याच्या लेखी बहिरे होते, सुतार खाटा ठोकायच्या लायकीचे होते, आणि गिऱ्हाईक म्हणजे गाढव, ज्याला गुळाची चव ठाऊक नाही. एक माणूस मात्र त्यानं जगात मोठा मानला होता, तो म्हणजे त्याचा बाप. तोही मेल्यावर. जिवंत असताना दोघांचं एक दिवस पटलं नव्हतं, हे गल्लीतल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं.

बाप मिरजेत वाद्याचं काम शिकून आलेला होता आणि खरोखरीचा कारागीर होता. त्याची एक पितळी डेगची होती. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात ही डेगची, खाली शेगडी, असा सरेस वितळवायचा. बाप गेला त्या दिवशी डेगचीत थोडा सरेस उरलेला होता. गयासनं तो टाकला नाही. त्यातच नवे तुकडे टाकले, नवं पाणी घातलं, आणि पुढं वर्षानुवर्षं तेच करत राहिला. दह्याला विरजण लावावं तसं. डेगची कधी रिकामी करायची नाही, कधी घासायची नाही. काठावर काळ्या पापुद्र्यांचे थर चढले होते, आणि तो ते थर गिऱ्हाइकाला बोटानं दाखवायचा. "ह्यात माझ्या अब्बांच्या हातचा सरेस हाय. अजून हाय. बाटलीवाल्यांच्या सात पिढ्या जन्माला आल्या तरी हा तयार व्हायचा नाय." गिऱ्हाइकं मान डोलवायची. एकानं तर डेगचीचा फोटो काढून नेला.

घरात बायको नव्हती, ती मुलगी लहान असतानाच गेली. मुलगी अजरा. दुकान उघडणं, झाडणं, शेगडी पेटवणं, पातेल्यात पाणी भरणं, डेगची त्यात ठेवणं, हे सगळं अजरानं करायचं, आणि गयासनं नाश्ता उरकून, दाढी कुरवाळत, ऊन वर आल्यावर येऊन बसायचं. डेगचीत मात्र अजरानं बोट घालायचं नाही. बाईमाणसाचा हात थंड, सरेस बिघडतो, असं त्याचं शास्त्र. दुसरं तिचं काम म्हणजे सुतळी धरणं. गरम सरेस लावून सांधा मिटवला की थिजायच्या आत तो सुतळीनं करकचून आवळायचा असतो. एक जण वेढे देतो, दुसरा सुतळीचं टोक ताणून धरतो. टोक जरा सैल पडलं की सांधा वाया. ते टोक ती दहा वर्षांची असल्यापासून धरत आली होती, बोटांना घट्टे पडेपर्यंत. कुणी गिऱ्हाईक म्हणालंच की पोरगी मदतीला चांगली आहे, तर गयास हसायचा. "सुतळी धरायला काय लागतं? खुंटीपण धरती."

शाळेत असताना एकदा ती लाकडाच्या काही चिपा घेऊन त्याला काहीतरी दाखवायला आली होती. काय ते त्यानं पाहिलंच नाही. दुकानात चार माणसं बसली होती, त्यांच्याकडं वळून तो म्हणाला, बघा, आता अंडं कोंबडीला शिकवणार. माणसं हसली. अजरा चिपा घेऊन आत गेली आणि पुन्हा कधी काही दाखवायला बाहेर आली नाही. गयासच्या हे लक्षातही राहिलं नाही. असल्या गोष्टी हसणाऱ्याच्या लक्षात राहत नसतात.

गेल्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा झीशान, वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर बसणारा, सरळ, मितभाषी पोरगा. गयासनं लग्न मान्य केलं, पण जावई दुकानात आला की तो नाकाला रुमाल लावायचा आणि कांद्याचा वास येतो म्हणायचा. स्वतः दिवसभर कुजक्या कातड्याच्या वाफेत बसणारा माणूस! झीशान बिचारा हसायचा आणि उन्हात बाहेर जाऊन उभा राहायचा.

अजरा सासरी गेली आणि उन्हाळा सरता सरता सांधे सुटायला लागले.

आधी एका शाळेचं व्हायोलिन परत आलं. मग एक दिलरुबा. गयासनं शाळेच्या मास्तरांना सुनावलं, दिलरुबावाल्याला सुनावलं. मग त्याला पाण्याचा संशय आला. नळाला पाणी येणार कधी आणि येणार किती याचा भरवसा नाही, टाकीतलं शिळं पाणी सरेसाला मारतं, असं त्यानं ठरवलं आणि जार आणायला सुरुवात केली. सांधे सुटतच राहिले. मग तो एसटीनं सिल्लोडला गेला. तिथला एक म्हातारा त्याच्या बापाच्या वेळेपासून सरेस वाळवून द्यायचा. त्याच्या दारात उभं राहून गयासनं त्याला भेसळखोर म्हटलं. म्हातारा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, माल तोच आहे, तुझ्याकडं काय बदललं ते बघ. गयास तिथंही थुंकला आणि परतीच्या गाडीत बसला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं त्याला अख्ख्या जिल्ह्याचं अंगण वाकडं दिसायला लागलं होतं.

डेगची मात्र जागच्या जागी होती. आता शेगडी तोच पेटवायचा, तुकडे टाकायचा, पाणी ओतायचा, ढवळायचा. वास दिवसेंदिवस उग्र होत चालला होता. गयास तो वास छातीभर घ्यायचा आणि म्हणायचा, ह्याला म्हणतात जुना सरेस. शेजारच्या शिंप्यानं त्या बाजूची खिडकी लावून घेतली होती.

आणि मग द्वारकाबाईंचा तंबोरा आला.

द्वारकाबाई पुंडलिकनगरात राहायच्या, आसपासच्या मुलींना गाणं शिकवायच्या. जमीनजुमल्याच्या घरातली बाई, आवाज अजून खणखणीत, आणि जीभ त्याहून. त्यांचा तंबोरा गयासच्या बापानं घडवलेला होता. बापाच्या हातची शहरात शाबूत राहिलेली एवढीच एक वस्तू, आणि गयासला तिचा अभिमान इतका, की बाई रस्त्यात भेटल्या तरी तो आधी तंबोऱ्याची तब्येत विचारायचा, मग बाईंची. काही वर्षांपूर्वी भोपळ्याला चीर गेली होती ती गयासनंच बुजवून दिली होती, आणि ती जागा आज शोधूनही सापडत नव्हती. आता गळा ढिला झाला होता.

गयासनं गळा उघडला, जोडला, आवळला, वाळवून दिला. श्रावण लागायच्या आत तो सुटला. मुली गायला बसलेल्या असताना मधेच कर्र आवाज झाला आणि दांडी द्वारकाबाईंच्या खांद्यावर कलंडली. गयासनं बाईंनाच विचारलं की तंबोरा कूलरच्या वाऱ्यात ठेवला होता काय. पुन्हा जोडला. पुन्हा सुटला.

तिसऱ्या वेळी बाईंनी बसल्या बसल्या स्पष्ट सांगून टाकलं. महिनाअखेरीला त्यांच्या मुलींचं गाणं होतं. ऋतुराज त्यांच्याच गल्लीत राहत होता आणि तो म्हणत होता, काकू, माझ्याकडं द्या, दोन नळ्या कालवून लावतो, जन्मात सुटायचा नाही.

"मला ठाऊक आहे तुम्ही त्याला काय म्हणता," बाई म्हणाल्या. "पण त्याचं लावलेलं सुटत नाही आणि तुमचं टिकत नाही. आता मी काय करू ते तुम्हीच सांगा."

गयासच्या अंगाची लाही लाही झाली. अब्बांच्या हातचा तंबोरा, आणि त्याच्या गळ्यात चप्पलवाल्याचा मसाला. एकदा तो आत गेला की पुन्हा कुणी हा गळा उघडू शकणार नव्हतं. पुढं काही बिघडलं तर लाकूड करवतीनं कापावं लागलं असतं. त्यानं बाईंच्या हातापाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. अजून एकदा, म्हणाला, एकदाच. आता सुटला तर मी स्वतः पुंडलिकनगरात नेऊन देतो. बाई हो म्हणाल्या, कारण त्यांनाही तो तंबोरा प्यारा होता.

ठरल्या दिवशी बाई दुपारीच येऊन बाकावर बसल्या. त्याच दिवशी अजरा मावसबहिणीच्या लग्नासाठी वैजापूरहून आली होती. मागच्या दारानं आली आणि आत स्वयंपाकघरात होती. गयासनं तिला आवाज दिला की बाईंसाठी चहा टाक, आणि तंबोरा मांडीवर घेतला. वाळवून झालेला सांधा बाहेरून तर सुरेख दिसत होता. त्यानं खुंट्या पिळायला घेतल्या. पहिली तार चढली. दुसरी चढली. तिसरी सुरात येते न येते तोच गळ्याजवळ बारीक आवाज झाला, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत सांध्यात नखाएवढी फट पडली.

बाई पदर खोचून उठायला लागल्या. गयास लालबुंद झाला. हवा, म्हणाला. पावसाळी हवा. मग सिल्लोडच्या म्हाताऱ्याला शिवी दिली.

अजरा चहाचे कप घेऊन तेवढ्यात दारात आली. तिनं तंबोरा पाहिला, बापाचं तोंड पाहिलं, आणि नाक आवळलं. कप बाकावर ठेवून ती सरळ शेगडीपाशी गेली आणि डेगचीत वाकून बघितलं.

"अब्बा, हे कधीचं आहे?"

"कधीचं म्हंजे? तुझ्या दादाजानचं. तुला ठाऊक नाय व्हय?"

"दादाजानचं मी कधीच ओतून दिलं," अजरा म्हणाली. "शाळेत होते तेव्हाच."

ही गोष्ट तिनं घरच्या दखनीत सांगितली असती तर बाईंना कळली असतीच, पण निदान घरातली राहिली असती. ती मराठीत बोलली. बाईंना ऐकू जावं अशी बोलली. गयासला तेच सगळ्यात जास्त झोंबलं.

मग तिनं सगळंच सांगितलं, आवाज न चढवता. सरेस पुन्हा पुन्हा तापवला की त्यातला जोर मरतो आणि साठवून ठेवला की नासतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं लाकडाच्या चिपा जोडून पाहिल्या होत्या, दोन चिपा डेगचीतल्या जुन्या सरेसानं आणि दोन ताज्यानं. जुन्यानं जोडलेल्या नुसत्या बोटांनी सुटल्या. ताज्यानं जोडलेल्या दगडावर आपटल्या तर लाकूड फुटलं पण सांधा सुटला नाही. तेच ती दाखवायला आली होती, तेव्हा अंडं-कोंबडीचं ऐकून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डेगची गटारात रिकामी केली आणि वाटीत भिजवलेला ताजा सरेस तीत घातला. मग रोजच तसं करत राहिली, बाप नाश्ता करत असताना. काठावरचे काळे थर तेवढे तिनं राहू दिले, कारण अब्बा ते गिऱ्हाइकांना दाखवायचे.

म्हणजे इतकी वर्षं जे जे टिकलं ते ते त्या थंड हातांनी टिकवलं होतं. आणि ती गेल्यापासून डेगचीत जे साचत होतं, ते एकट्या गयासचं स्वतःचं होतं.

"खोटं," गयास म्हणाला. "झूठ बोलती तू."

अजरानं वाद घातला नाही. बाकाच्या टोकाला सतारीची एक घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, पडली होती, गयासनं त्याच आठवड्यात जोडलेली. तिनं ती उचलली आणि दोन्ही अंगठे लावून दाबली. बिस्कीट मोडावं तशी ती सांध्यात मोडली. तिनं दोन्ही तुकडे बापाच्या पुढ्यात ठेवले.

द्वारकाबाई पुन्हा बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तंबोरा ओढून घेतला आणि भोपळ्यावर जिथं जुनी चीर होती तिथनं बोट फिरवलं. हा जोड कुणाचा, त्यांनी विचारलं. अजरा म्हणाली, बसवला अब्बांनी, सरेस माझा. बाईंनी चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि विचारलं, "तू उद्या आहेस ना गं इथं?" गयासकडं त्यांनी पाहिलंही नाही. उद्या दुपारी येते म्हणाल्या आणि गेल्या.

बाई गेल्यावर अजरानं डेगची फडक्यात धरून उचलली, बाहेर नेली आणि ज्या गटारात गयास बाटल्यांच्या नावानं थुंकायचा त्याच गटारात उपडी केली. मग नळापाशी बसून तारेच्या घासणीनं ती घासली. गयास दारात उभा राहून बघत होता. थरांखालनं पितळ निघालं, पिवळंधमक. बापाच्या हयातीत ती अशीच असायची. बाप रोज घासायचा. ही गोष्ट गयासला तेव्हा, तिथं उभ्या उभ्या आठवली. लहानपणी तीच डेगची घासायचा कंटाळा म्हणून त्यानं बापाचा मारही खाल्ला होता. इतकी वर्षं तो बापाच्या नावानं नेमकं तेच करत आला होता जे बापानं त्याला करू दिलं नव्हतं.

तंबोऱ्याचं काय झालं ते आधी सांगून टाकावं. तो आज पुंडलिकनगरात आहे, मुलींचं गाणं त्यावर झालं, आणि गळा जागचा हललेला नाही. ऋतुराजच्या नळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेल्या. आणि गयास? सुंभ जळालं तरी पीळ जात नाही. बाटलीचं नाव काढलं की तो अजून थुंकतो. आता तो गिऱ्हाइकांना घासलेली डेगची दाखवतो आणि सांगतो की सरेस रोजच्या रोज ताजा करावा लागतो, आमच्या अब्बांची शिस्तच तशी होती, आजकालच्या लोकांना एवढंही कळत नाही. गिऱ्हाइकं मान डोलवतात. अजराचं नाव त्यात कुठंही येत नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलंच.

त्या सकाळी गयास नाश्ता न करता, दाढीवरनं हात न फिरवता दुकानात आला. अजरानं आदल्या संध्याकाळीच गळा वाफेवर उघडून जुना सरेस खरवडून काढला होता, आणि रात्रभर भिजवलेला ताजा डेगचीत वितळत ठेवला होता. खालचं पाणी तिनं उकळू दिलं नव्हतं, नुसतं कढत ठेवलं होतं. ती अधूनमधून ब्रशनं थेंब उचलायची, अंगठा आणि बोट त्यावर मिटायची आणि हळूच उघडायची. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा निघायच्या. खोलीत वास जवळजवळ नव्हताच.

गयास शेजारी उकिडवा बसला. त्यानं विचारलं, "पाणी किती घेतलं?"

आयुष्यात त्यानं या कामातलं कुणाला काही विचारलं नव्हतं. अजरानं ऐकलं. सांगितलं नाही. उठली आणि दांडीचं टोक शेगडीच्या आचेवर फिरवायला लागली, लाकूड थंड राहिलं तर सरेस लावल्या लावल्या थिजतो म्हणून. गयासनं ब्रश घ्यायला हात पुढं केला. तिनं डेगची आपल्या अंगाच्या बाजूला सरकवली.

सरेस तिनंच लावला, दोन्ही अंगांना, झरझर, आणि दांडी भोपळ्याच्या गळ्यात बसवून दाबली. आता वेळ नव्हता. सुतळीचं बंडल तिच्या हातात होतं, आणि टोक धरायला त्या खोलीत एकच माणूस होता. तिनं टोक त्याच्याकडं फेकलं. गयासनं ते झेललं आणि सवयीनं तोंड उघडलं. पहिला वेढा खालनं घे, म्हणाला, मग डावीकडनं, माझं ऐक.

"अब्बा," अजरा वर न बघता म्हणाली, "धरा नुसतं. सुतळी खुंटीपण धरती."

गयासनं तोंड मिटलं. तिनं ओढ दिली तशी सुतळी त्याच्या तळहातात रुतली, तोल जाऊ नये म्हणून त्यानं उंबऱ्याला पाय लावला, आणि शेवटचा वेढा पडेपर्यंत टोक सैल सोडलं नाही.